स्पीगल ग्रोव्ह : मुद्दाम बुडवलेल्या जहाजावर डाइव्ह, आणि आपल्या गुलदारबद्दल थोडं

निळाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलेच. मी मायामीजवळ राहते, मूळची चिपळूणची, ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला) कोर्स तारकर्लीला केला होता आणि इथे आल्यावर ॲडव्हान्स्ड केलं. या महिन्याच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या कि लार्गोला स्पीगल ग्रोव्हवर दोन डाइव्ह मारले. त्याआधी कोरलवर, खडकावर चाळीसेक डाइव्ह झाले होते पण जहाजावर हा पहिलाच. आणि गेल्या महिन्यात (फेब्रुवारी २०२५) आपल्या नौदलाने आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका कारवारला एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) ताब्यात दिली, ती सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ बुडवून डायव्हिंगसाठी ठेवायचं ठरलंय, म्हणून म्हटलं हा अनुभव आपल्या लोकांसाठी मराठीत लिहून ठेवावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्पीगल ग्रोव्ह म्हणजे अमेरिकन नौदलाचं डॉक लँडिंग जहाज, १५५ मीटर लांब. पोटात मोठं डॉक, मागचा दरवाजा उघडला की डॉकमध्ये पाणी येणार आणि आतल्या छोट्या होड्या तरंगत बाहेर पडणार, अशी रचना. १९५६ ला सेवेत आलं, १९८९ ला निवृत्त झालं. मग बरीच वर्षं नुसतं उभं होतं. शेवटी साफसफाई करून २००२ च्या मे महिन्यात कि लार्गोपासून सहा मैलांवर कृत्रिम रीफ (समुद्री जिवांना वाढायला आधार) म्हणून बुडवायला आणलं. आणि तिथे गडबड झाली. ठरलेल्या वेळेच्या काही तास आधीच जहाज स्वतःहून कलायला लागलं, कामगारांना घाईघाईने उतरावं लागलं आणि बघता बघता ते उलटं झालं. नाक पाण्याबाहेर, बाकी सगळं खाली, असं जवळपास तीन आठवडे राहिलं. मग सॅल्व्हेजवाल्यांनी (बुडालेली, अडकलेली जहाजं हलवणाऱ्यांनी) आत हवा भरून, ओढून जूनमध्ये ते पूर्ण खाली घातलं, पण बसलं ते उजव्या कुशीवर. तीन वर्षं तसंच होतं. जुलै २००५ मध्ये डेनिस नावाचं चक्रीवादळ गेलं, तेही लांबून, पश्चिमेकडून, आणि त्या वेळच्या पाण्याच्या ओढीने एवढं मोठं धूड सरळ उभं राहिलं! माणसांना जे जमलं नव्हतं ते समुद्राने केलं. आज ते ताठ उभं आहे, वाळूवर, चाळीस मीटरवर.

आता डाइव्ह. बोट तिथे नांगर टाकत नाही, बॉयला (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याला) बांधतात. बॉयचा दोर थेट जहाजापर्यंत जातो, साधारण १८ मीटरवर. त्या दिवशी करंट भरपूर होता, आम्ही उडी मारल्यावर बोटीच्या बाजूने लावलेल्या दोराला धरून पुढे गेलो आणि मग बॉयच्या दोराला, एका हातानंतर दुसरा हात असं करत खाली. मी झेंडा लावलेल्या काठीसारखी आडवी झाले होते. पाणी २४ अंश. दहा मीटरपर्यंत खाली काहीच दिसत नाही, फक्त निळं, मग त्या निळ्यात एक गडद डाग, मग त्या डागाला कडा येतात, आणि मग एकदम कळतं की ही कडा नाही, ही क्रेन आहे. माझे डोळे भरून आले मास्कमध्ये, खरंच सांगते. एवढी मोठी माणसाच्या हातची वस्तू, आणि तिच्यावर एक बोटभर जागा रिकामी नाही. स्पंज, हायड्रॉइड, नारिंगी कप कोरल (हे मूळचं आपल्या बाजूच्या महासागरातलं, इकडे पाहुणं म्हणून आलंय), रेलिंगच्या प्रत्येक नळीवर वाढलेलं. बराकुडा बाजूला स्तब्ध उभे. तोफांच्या नळ्यांवर छोटे मासे घर करून.

वरची डेक साधारण २७ मीटरवर. मी ३२ टक्के नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) घेतला होता म्हणून वेळ बरा मिळाला. दुसऱ्या डाइव्हला जे झालं ते वेगळं लिहिते, ते मोठं आहे. आधी इथले डायव्हर आहेत का कोणी ते सांगा.

उत्तरायण
ताई फार छान लिहिलंय, दोराला धरून उतरताना वाचून माझाच श्वास अडकला. मी डायव्हर नाही, अंदमानात एकदा हात धरून नेतात तसलं केलंय. एक प्रश्न, मुद्दाम बुडवतात म्हणजे नेमकं कसं? स्फोट करतात?

इंजिनरूम
याचं उत्तर मी देतो. नौदलातून निवृत्त झालो, तांत्रिक बाजूला होतो.

जहाज बुडवणं अवघड नाही. ते सरळ बुडवणं अवघड आहे. आधी जे जे घाण करू शकेल ते सगळं काढायचं. इंधनाच्या टाक्या नुसत्या रिकाम्या करून चालत नाही, धुवाव्या लागतात. हायड्रॉलिक तेल, ग्रीस, बॅटऱ्या, ॲस्बेस्टॉसची आवरणं, जुन्या केबली (जुन्या जहाजांत केबलच्या वेष्टनात आणि गॅस्केटमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असतं, ते माशांच्या चरबीत साठतं आणि तिथून आपल्या ताटात येतं), सुटी पडणारी रंगाची पापुद्री, काचा, फोम, सगळं. मग पाणरेषेच्या वर दोन्ही बाजूंना मोठी भोकं कापायची, म्हणजे जहाज थोडं खाली गेलं की पाणी दोन्हीकडून सारखं शिरेल. आतल्या भिंतींना, डेकला भोकं पाडायची, हवा वर निसटायला वाट ठेवायची. शेवटी पाणरेषेखाली मोजके स्फोटक पट्टे लावतात, ते पत्रा सुरीने कापल्यासारखा कापतात. स्फोटाने जहाज फोडायचं नसतं, फक्त दारं उघडायची असतात.

आता पाणी आत आलं की ते मोकळं हलतं. जहाज जरा डावीकडे कललं की आतलं सगळं पाणी डावीकडे धावतं, त्यामुळे आणखी कलतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, म्हणजे कळेल. लँडिंग जहाजाला तर पोटात केवढी मोठी सलग मोकळी जागा, मध्ये आडवी भिंतच नाही. स्पीगल ग्रोव्ह उलटलं यात मला नवल वाटत नाही.

गुलदारसुद्धा लँडिंग जहाजच आहे हे ध्यानात ठेवा. ८३ मीटरच्या वर लांबी, पोलंडमध्ये ग्डिनियाला बांधलेलं, १९८५ ला आपल्याकडे आलं. १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला चीता, गुलदार आणि कुंभीर या तिघी एकाच दिवशी निवृत्त झाल्या. मी याच जातीच्या एका जहाजावर होतो, नाव सांगत नाही. किनाऱ्याला नाक टेकवायच्या आधी मागचा नांगर टाकायचा, मग जाऊन वाळूत चढायचं, पुढचा दरवाजा उघडून रॅम्प खाली, जवान आणि गाड्या उतरल्या की त्याच मागच्या नांगरावर स्वतःला ओढून परत पाण्यात घ्यायचं. वाळूत नाक घुसलं की सगळ्या जहाजातून एक लांब कण्हल्यासारखा आवाज यायचा, तो अजून कानात आहे. या तिघींनी मिळून असं तेराशेहून जास्त वेळा केलंय. श्रीलंकेत शांतिसेनेच्या वेळी होत्या, २००४ च्या त्सुनामीत होत्या.

निळाई
@इंजिनरूम, काका, किती नेमकं सांगितलंत. परातीचं उदाहरण मी आता माझ्या डाइव्ह ग्रुपला सांगणार.

आता दुसरा डाइव्ह. तासभर वर थांबून परत गेलो. आमचा गाइड पुढे, मागे आम्ही पाच जण. बोटीवर ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं की "एक-दोन स्विमथ्रू करू, सोपे आहेत, एका दारातून आत दुसऱ्या दारातून बाहेर". मी टॉर्च घेतला नव्हता, दिवसाउजेडी कशाला लागतो असं वाटलं, आणि कोणी विचारलंही नाही. मी रांगेत चौथी. आत शिरले तेव्हा समोर बाहेरचं निळं चौकोन दिसत होतं, म्हणजे खरंच सोपं वाटलं. मग पुढचा माणूस मध्येच थांबला, बहुतेक फोटोसाठी, आणि उभ्या उभ्या फिन (पायातले पंखे) मारत राहिला. तळाला पिठासारखा गाळ होता. पाच सेकंदांत ते निळं चौकोन गेलं. आधी चहासारखं झालं, मग काहीच नाही, माझा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवतो तो) डोळ्याला लावला तरी आकडे दिसेनात.

मी डावा हात बाजूला टाकला तर भिंतीवरची एक नळी हाताला लागली, ती घट्ट धरली. बस. तेवढंच सुचलं. पुढे जायचं की मागे हे ठरवता येईना कारण पुढे मागे म्हणजे काय हेच कळेना. माझ्या मागची बाई माझ्या फिनला आदळली, तिने माझा घोटा धरला आणि सोडला नाही. मी स्वतःला सांगत होते की श्वास सोड, हळू सोड, पण छाती ऐकत नव्हती. मग त्या नळीवरून हात सरकवत सरकवत मागे आले, आल्या वाटेने, ती बाई पण माझ्याबरोबर. बाहेर आलो तेव्हा बोटातून धूर निघाल्यासारखं काहीतरी हिरवं निघत होतं. दोन सेकंद कळलंच नाही, मग लक्षात आलं, रक्त आहे. त्या खोलीवर लाल रंग पोचतच नाही म्हणून रक्त हिरवं दिसतं, हे वाचलं होतं, पण स्वतःच्या बोटातून बघणं वेगळं. गंजलेल्या नळीने कापलं होतं, ग्लोव्हज नव्हते.

सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचा गेज बघितला, आत जाताना १७०० पीएसआय होतं ते १००० झालेलं, म्हणजे साधारण १२० बारवरून ७०. आत किती वेळ होतो? कॉम्प्युटरचा आलेख नंतर बघितला, चार मिनिटं. मला वाटलं होतं पंधरा.

गाइड दुसऱ्या बाजूने बाहेर पडून आमची वाट बघत होता. तो वाईट माणूस नाही. पण वर आल्यावर बोटीवर कोणीही या विषयावर बोललं नाही, जणू हे असंच असतं. मला ते सहन झालं नाही, मी आणि ती बाई आम्ही दोघी दुकानात जाऊन सांगून आलो की ॲडव्हान्स्ड कार्ड बघून लोकांना आत नेऊ नका, रेक कोर्स (बुडालेल्या जहाजात शिरायचं शिक्षण) विचारा. त्यांनी मान हलवली. पुढे काय केलं माहीत नाही.

सागरतळ
निळाई, आधी हे सांग की बोट बरं झालं का, आणि टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंस ना? गंजलेलं लोखंड आहे ते.

मी इन्स्ट्रक्टर आहे, गेली बरीच वर्षं हिवाळा अंदमानात आणि बाकी कोकणात असतो. तू जे केलंस, भिंत धरली आणि थांबलीस, ते अगदी बरोबर केलंस. जे सुटतात ते गाळात पोहायला लागतात म्हणून सुटतात.

याच जहाजावर मार्च २००७ मध्ये चार अनुभवी डायव्हर आत खोलवर गेले होते, त्यातले तिघे परत आले नाहीत. आत जाताना मागे दोरी टाकलेली नव्हती. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगतो कारण "अनुभवी आहे" हे कारण तिथे कामी आलं नाही.

आता इथे वाचणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो, कारण हवेचा हिशोब कळला की मग सांगावं लागत नाही. वर तुम्ही आरामात मिनिटाला २० लिटर हवा घेता असं धरा. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे ८० लिटर. घाबरलात की ते दुप्पट होतं, १६०. ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बारला भरला की २२०० लिटर. म्हणजे ३० मीटरवर घाबरलेल्या माणसाकडे पूर्ण भरलेला सिलिंडर असला तरी चौदा मिनिटं सुद्धा नाहीत, आणि कोणीही पूर्ण भरलेल्या सिलिंडरने घाबरत नाही, अर्ध्याने घाबरतो.

म्हणून आत जाणाऱ्यांचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम आहे. एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश यायला, आणि उरलेला हात लावायचा नाही, तो तुमच्यासाठी आणि तुमच्या बडीसाठी (डाइव्हमधल्या जोडीदारासाठी). दुसरं म्हणजे रेक कोर्समध्ये शिकवतात ती मर्यादा, बाहेरचा उजेड दिसेल तेवढंच आत, आणि पृष्ठभागापासून सगळं अंतर मिळून ४० मीटर. हे लोक नीट ऐकत नाहीत. खोली अधिक आतलं अंतर. तू २७ मीटरवर दारात उभी आहेस तर आत जास्तीत जास्त १३ मीटर. जहाज जितकं खोल तितकी आत जायची मुभा कमी.

आणि रील, म्हणजे दोरीचं रीळ. दोरी बाहेर एकदा बांधायची, आत शिरल्यावर परत एकदा, मग ताणून ठेवत जायचं. दोन टॉर्च. पायांनी वरखाली फिन मारायचे नाहीत, बेडकासारखे बाजूला मारायचे. पोहताना गुडघे वाकवून फिन वर ठेवले की निम्मा गाळ उठतच नाही. हे तरण तलावात शिकता येतं, त्याला फ्लोरिडा लागत नाही.

स्विमथ्रू हा शब्दच मला आवडत नाही, खरं सांगू का. डोक्यावर छत आलं की ते छत आहे, दोन दारं असली तरी.

निळाई
इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं, दादा. बोट बरं आहे, खूण राहिली. रेक कोर्सला नाव घातलंय, एप्रिलमध्ये आहे, पहिले दोन सेशन रीलचे जमिनीवर झाडांमधून दोरी बांधत, डोळे मिटून त्या दोरीवरून परत यायचं.

लाटेवरची
सिडनीहून. आमच्याकडे एचएमएएस ॲडलेड आहे, सिडनीच्या उत्तरेला अव्होका बीचसमोर, १३८ मीटरची फ्रिगेट, वाळू साधारण ३२ मीटरवर. मी आठ-नऊ वेळा गेलेय. हिची गोष्ट पण सांगण्यासारखी आहे. १९९७ च्या जानेवारीत दक्षिण महासागरात एका शर्यतीत टोनी बुलिमोर नावाच्या ब्रिटिश माणसाची होडी उलटली, तो चार-पाच दिवस त्या उलट्या होडीच्या पोटात अंधारात गारठून बसला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि ॲडलेडच्या लोकांनी जाऊन होडीवर थाप मारली तर तो आतून पोहत बाहेर आला. मी प्रत्येक वेळी तिच्या डेकवरून जाताना हे आठवते. ज्या जहाजाने उलट्या होडीतून माणूस काढला ते जहाज आज स्वतः पाण्याखाली आहे आणि आम्ही त्याच्या आतून जातो येतो.

पण मला बुडवण्याआधीची गोष्ट सांगायची आहे कारण गुलदारला ती लागू आहे. २०१० च्या मार्चमध्ये बुडवणार होते. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, आमच्या किनाऱ्यासमोर शिसं असलेला रंग आणि पीसीबी नको म्हणून, ट्रिब्युनलपर्यंत गेले. काम थांबलं. आणखी साफसफाई करायला लागली. शेवटी १३ एप्रिल २०११ ला बुडवली, त्या दिवशीसुद्धा डॉल्फिन आले म्हणून काही वेळ थांबले, आणि मग दोन मिनिटांच्या आसपास ती खाली गेली. त्या विरोध करणाऱ्यांना तेव्हा खूप लोक नावं ठेवत होते, मीसुद्धा ठेवली असती. आता डाइव्ह करताना वाटतं की त्यांच्यामुळे जहाज जास्त स्वच्छ होऊन खाली गेलं, आपण त्यांचे आभार मानायला हवेत.

दुसरं, आमच्याकडे उघडा समुद्र आहे. वर लाट मोठी असली की ३० मीटरवरसुद्धा जहाजाच्या आत पाणी मागेपुढे खेचतं, दारातून जाताना अंदाज चुकला की चौकटीवर आपटायला होतं. निवतीला पण उघडाच समुद्र ना?

चाफा७
सगळं वाचलं. विरोध करायचा नाही पण मनापासून विचारते, मी पर्यावरणाचं काम करते. समुद्रात हजार टन लोखंड टाकायचं आणि त्याला रीफ म्हणायचं हे मला पटत नाही. मासे तिथे वाढतात की आजूबाजूचे गोळा होतात? गोळा झालेले मासे तर पकडायला उलट सोपे.

लाटेवरची
@चाफा७, प्रश्न अगदी रास्त आहे आणि शास्त्रज्ञ पण यावर कित्येक वर्षं वाद घालतायत. दोन्ही होतं. रेतीच्या सपाट तळावर जहाज ठेवलं तर जिथे चिकटायला काही नव्हतं तिथे शिंपले, स्पंज, मग त्यांना खाणारे, मग त्यांना लपायला जागा, असं खरंच नवीन काही तयार होतं. पण मोठे मासे बरेचसे बाहेरून येतात. म्हणून तिथे मासेमारी करू दिली तर ते जहाज म्हणजे सापळा होतो, नाही करू दिली तर घर होतं. आणि नको ते पण येतं, निळाईने नारिंगी कोरल लिहिलंय तसं. फ्लोरिडात तसाच बाहेरून आलेला लायनफिश मासा.

रापणकर
नमस्कार. मी मालवणचा, आमचं घर रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं). बापूस रापणीला, आजोबा रापणीला. मी आता पर्यटकांना बोटीतून नेतो आणि हंगामात स्कूबाला पण मदत करतो, सिलिंडर भरणे, बोट धरणे. इथे आमच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

बुडलेल्या वस्तूकडे मासा येतो हे आमच्या जुन्या लोकांना माहीत आहे. खडप आणि बुडालेली होडी, दोन्हीकडे गोबरे, तांबोशी असतात. माझे आजोबा म्हणायचे, "खडपात मासो बसता, रेतयेत नाय." पण तिथेच जाळं पण अडकतं. एकदा अडकलं की कापून सोडावं लागतं, आणि ते जाळं तिथे राहून वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, कोणी ते काढत नाही. मी स्वतः एका पांढऱ्या दगडाजवळ खाली जाऊन बघितलंय, नायलॉनच्या जाळ्यात कासव होतं, फक्त पाठ उरली होती. ते बघून मी दोन दिवस जेवलो नाही.

आता निवतीला गुलदार येणार. चांगलं आहे, मी विरोधात नाही, माझ्या पोराला इथेच काम मिळेल. पण तिच्या भोवती किती अंतरात जाळं टाकायचं नाही, ते कोण ठरवणार? छोटी होडी लांब ठेवायची आणि एलईडीवाल्यांनी (दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांनी), पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या गोल जाळ्याच्या यांत्रिक बोटींनी) रात्री येऊन सगळं नेलं तर? पहारा कोण देणार? १९८७ ला मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आमच्या लोकांना कोणी नीट समजावून सांगितलं नाही, म्हणून किती वर्षं तंटा झाला. तसं परत नको. आधी आम्हाला बोलवा, नकाशा पुढे ठेवा, आम्ही सांगतो कुठे करंट असतो, कुठे नांगर धरतो, कुठल्या महिन्यात पाणी निवळ असतं.

सिडनीच्या ताईंनी विचारलं, होय, उघडा समुद्र आहे. दीपगृहाच्या खडकांच्या आडोशाला जरा बरं. जून ते सप्टेंबर तिकडे फिरकायचं नाही. आणि पावसाळ्यानंतर लगेच पाणी गढूळ असतं, नोव्हेंबरनंतर बरं. फ्लोरिडासारखं निळंशार आमच्याकडे नसतं, हे येणाऱ्यांना आधीच सांगायला हवं. कमी दिसतं म्हणजे आत शिरणं तर आणखी धोक्याचं.

इंजिनरूम
रापणकर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही जे लिहिलंत ते सगळं कागदावर यायला पाहिजे.

निवतीबद्दल एक जुनी जखम आहे माझ्या मनात. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवृत्त विमानवाहू जहाज विराट याच निवती रॉकजवळ आणायला मंजुरी दिली होती, ८५२ कोटींचा प्रकल्प, संग्रहालय आणि सागरी साहसकेंद्र. आम्ही जुने लोक किती आनंदलो होतो. झालं काय, तर २०२० मध्ये विराट गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे, गेली आणि तोडली गेली. त्याआधी जुनी विक्रांतही भंगारात गेली होती. ज्या जहाजावर माणूस वर्षानुवर्षं झोपला, जेवला, घाबरला, त्याचे पत्रे कापताना बघवत नाही. म्हणून गुलदार पाण्याखाली का होईना पण अखंड राहणार म्हटल्यावर मला बरं वाटलं. पोरं तिच्या रॅम्पवरून पोहत आत जातील. आम्ही तिथूनच रणगाडे उतरवले.

पण सागरतळ यांना विचारतो, टँक डेक (रणगाडे ठेवायची जागा) म्हणजे लांब बोगदा आहे, दोन्ही बाजूंना भिंत, वर छत. तो डायव्हरसाठी कसा करणार?

सागरतळ
काका, छताला मोठी भोकं पाडून. दर काही मीटरवर वर आकाश दिसलं पाहिजे, एवढी मोठी की सिलिंडरसकट दोन माणसं शेजारी शेजारी सरळ वर जातील. बाजूच्या अरुंद खोल्या, इंजिनरूम (तुमची हक्काची जागा, माफ करा), शिडीच्या वाटा, या वेल्ड करून बंद कराव्यात किंवा जाड गज लावावेत. लटकणाऱ्या केबली एकही ठेवू नये, त्यात सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकतो आणि मागे हात पोचत नाही. दारं बिजागरीतून काढून टाकायची, नुसती उघडी ठेवायची नाहीत, लाटेने बंद होतात.

आणि माझी कळकळीची विनंती, तिथे "ट्राय डाइव्ह"वाल्या माणसाला, ज्याला आज सकाळी पहिल्यांदा रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) तोंडात दिलाय, त्याला जहाजाच्या आत नेऊ नका. बाहेरून, वरून दाखवा, तेवढंही आयुष्यभर पुरेल. कोकणात सीझनला एका दिवसात किती लोक खाली जातात ते रापणकरना विचारा.

रापणकर
सुट्टीच्या दिवशी मोजायला वेळ नसतो इतके.

चाफा७
@रापणकर, ते जाळ्यातलं कासव डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडे जाळी काढायला डायव्हरचा गट करायचा असेल तर मी पुण्यातून लोक गोळा करू शकते, नोव्हेंबरला. मी स्वतः डायव्हर नाही पण किनाऱ्यावर राहून वजन करणं, नोंदी ठेवणं हे करेन.

रापणकर
या. राहायची सोय आमच्याकडे होईल. फक्त आधी फोनवर बोलू, कारण काही जाळी अजून वापरातली असतात, ती ओळखायला आमचा माणूस बरोबर लागेल, नाहीतर भांडण व्हायचं.

निळाईताई, एक काम होतं. तुम्ही लिहिलंत की बोट नांगर टाकत नाही, बॉयला बांधते. आमच्याकडे प्रत्येक बोट नांगर टाकते, खडकावरचं कोरल त्यानेच मोडतं. तो बॉय खाली जहाजाला कसा बांधलाय, साखळी आहे की दोर, वर किती लोंबता ठेवलाय, त्याचे फोटो आहेत का? आमच्या बैठकीत दाखवायचे होते. तोंडाने सांगितलं तर ऐकत नाहीत.

निळाई
दादा, माझ्याकडे वरच्या बॉयचे दोन फोटो आहेत आणि खाली १८ मीटरवर जिथे दोर जहाजाला अडकवलाय तिथला एक, पण तो हलला आहे, करंटमुळे. दोर जाड आहे, माझ्या मनगटाएवढा, आणि त्याच्यावर शेवाळ आणि शिंपले इतके की ग्लोव्हज घालून धरायला सांगतात. खालचा बांधलेला भाग मला नीट आठवत नाही म्हणून अंदाजाने सांगत नाही. एप्रिलमध्ये कोर्सचे शेवटचे दोन डाइव्ह तिथेच आहेत, तेव्हा फक्त त्यासाठी थांबून वरपासून खालपर्यंत सगळा दोर व्हिडिओ करते, शेजारी हात धरून, म्हणजे जाडी कळेल. तुमची बैठक कधी आहे?

रापणकर
मे अखेरीला, होड्या वर ओढायच्या आधी. चालेल.